डाव्या चाकावरची चुन्याची रेघ

आम्हा नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका पांढऱ्या गाडीच्या पुढच्या डाव्या टायरवर चुन्याची रेघ ओढणं. चुना माझ्या तंबाखूच्या डबीतला, बोट पंचफुलाचं.

दुसरं काही खास त्या संध्याकाळी झालं नाही. आमचं टायरचं दुकान अमरावतीत, बडनेरा रोडला. वर टिनाचा शेड, खाली दोन माणसं, मी आणि ती. गाडीचा मालक निलेश चहाचा गिलास घेऊन बाजूला उभा होता. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं औषधाचं दुकान आहे, आणि रविवारी घरची गाडी शर्यतीसारखी पळवायचा त्याला नाद आहे. मी टायर पाहिला आणि सांगून टाकलं की कड चांगली आहे, हवा जराशी उतरवू, म्हणजे गाडी वळणावर रस्ता धरून चालेल. पंचफुलानं माझ्या मागून वाकून टायरवर तळहात फिरवला.

"कड खाल्ली हाय," ती म्हणाली. "हवा उतरवू नका, चढवा."

"कड साबूत हाय."

"तुमाले दिसत नाई."

"मले समदं दिसते."

"मंग सांगा बरं, माह्या लुगड्यावर फुलं हाय का पट्टे?"

मी डोळे बारीक केले. समोर पंचफुला होती एवढं नक्की. बाकी सगळं दुधात बुडवल्यासारखं. "फुलं," मी ठोकून दिलं.

"सादं हाय," ती म्हणाली, आणि निलेशला चहाचा ठसका लागला.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे तिचं जुनं गाऱ्हाणं. डोळे दाखवा, डोळे दाखवा. मी दाद देत नव्हतो. डोळ्यात कोणी सुरी घालणार म्हटलं की मी दवाखान्याचा रस्ताच बदलतो. आजवर शेकडो टायर मी चिरून पाहिले, स्वतःचा डोळा चिरू देण्याची छाती नाही.

तिनं माझ्यापुढे हात पसरला. मी डबी दिली.

"हवा तुमच्या मनानं ठेवा," ती म्हणाली. "रेघ मी वढते. टायरच्या कडंवर हा तिकोन उठवला हाय ना, त्याच्या खालपावतर पुसल्या गेली, तं मुकाट्यानं डोये दाखवाले जासान."

"आन नाई गेली तं?"

"तं मी जलमभर तुमच्या डोयाचं नाव नाई काढणार. निलेशभाऊ, तू साक्षीदार."

निलेश म्हणाला, "हाव काकू."

तिनं रेघ ओढली. टायर रस्त्याला टेकतो त्या कडेपासून खाली, टायरच्या बाजूवरून, म्हणजे आम्ही गाल म्हणतो त्यावरून, सरळ. आणि शेवटी सवयीनं एक टिंब दिलं, रांगोळीला देतात तसं. मंग हात पुसून भाकरी टाकायला घरात गेली. गाडी रविवारपर्यंत शेडमध्येच राहू द्यायची ठरली आणि निलेश एस.टी.नं अकोल्याला गेला.

सकाळी पंचफुला उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली. उभ्या जन्मात त्या बाईनं कोणतंही काम इतकं गुपचूप केलं नव्हतं.

आता ह्या दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं की धंद्याविषयी लिहा, म्हणून आधी धंद्याचं सांगतो. मी सातवीत शाळा सोडली, तेव्हा काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

ज्यांनी कधी टायरकडे वाकून पाहिलं नाही त्यांच्यासाठी. टायर भाकरीसारखा वाचायचा. हे पंचफुलाचं, माझं नाही. भाकर उलटली की कुठे करपली, कुठे कच्ची राहिली ते दिसते, आणि त्यावरून आच कशी होती ते कळते. टायर मधातच झिजला आणि कडा नव्या, तर हवा जास्त. कडा झिजल्या आणि मधला भाग कोरा, तर हवा कमी. एकच कड गेली, तर चाक वाकडं उभं आहे. आणि हात फिरवला की जवारीच्या पात्यासारखं लागलं, एकीकडून मऊ आणि उलटा फिरवला तर कापते, तर समजायचं की दोन्ही चाकांची तोंडं सरळ नाहीत. माणूस फेंगडा चालतो तशी ती गाडी चालते. एवढीच विद्या. ही मी डोळ्यानं शिकलो आणि ती हातानं. लग्न होऊन आली तेव्हा हवेचा पाइप पाहून तिला वाटलं होतं की साप आहे. पण वर्ष-दोन वर्षांत माझ्या आधी बोलायला लागली आणि मंग काही थांबली नाही.

टायर वाचला की काम संपत नाही, कारण टायरच्या वर माणूस बसलेला असतो. एका साहेबाचा मागचा डावा टायर दरवेळी बाकीच्यांच्या आधी जायचा. मी अलाइनमेंट पाहिली, बेअरिंग पाहिलं, स्प्रिंग पाहिली. दोनदा चाक बदलून पाहिलं. काही सापडेना. पंचफुलानं मागच्या सीटवर एक नजर टाकली आणि साहेबाला विचारलं की घरी म्हातारं माणूस कोण आहे. साहेब म्हणाले, सासू. ती कुठे बसते? डावीकडे, मागे, कायम, आणि तिच्या पायाशी तिचं सामान. कोणतं सामान, तर तुरीचं पोतं. गावाहून येताना एक, आणि जाताना डाळ करून तेच परत. पंचफुला म्हणाली, बाईंना उजवीकडे बसवत जा. साहेबांचा चेहरा उतरला. उजवीकडे बसलं की त्यांना उलटी होते म्हणे. मंग काय करता? सासू हलत नाही म्हणून आम्ही टायर फिरवले. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे, दर दिवाळीला. अजून येतात साहेब.

आता ट्रॅकचं. बडनेऱ्याच्या पुढे, अकोला रोडला एका शेटनं वावर घेऊन ले-आउट टाकला. मस्त डांबरी रस्ते केले, विजेचे खांब रोवले, कडेनं बदामाची झाडं लावली आणि बरोबर मधात मारुतीचं मंदिर बांधलं, कारण मंदिराशिवाय प्लॉट विकल्या जात नाही. मंदिर बांधूनही विकल्या गेले नाहीत ती गोष्ट वेगळी. रस्ते तसेच चकाचक पडून. निलेश आणि त्याच्यासारखे पाच-सहा जण शेटला भेटले की रविवारी सकाळी आम्हाला गाडी पळवू द्या, आमच्या गाड्या, आमची जबाबदारी. शेटनं विचार केला की माणसं पाहायला येतील तर एखादा प्लॉट तरी खपेल. गाड्या पळताना फाटकाला साखळी लावून रस्त्यावर कोणाला येऊ द्यायचं नाही, डोक्यात हेल्मेट घालायचं, अशा अटी घातल्या आणि दिला रस्ता.

तुम्ही शर्यतीची गाडी डोळ्यापुढे आणाल तर चुकाल. ह्या सगळ्या घरच्या गाड्या. मागच्या काचेवर आईबापाचा आशीर्वाद, आरशाला लिंबू-मिरची, सीटवर बायकोनं विणलेलं कव्हर. पळवायच्या आधी लहान पोरांची खुर्ची, छत्री, देवाचा फोटो आणि लोणच्याची बरणी काढून झाडाखाली मांडायची. लोणच्याची बरणी निलेशची. एकदा काढायची राहिली होती, त्यानंतर त्याची गाडी महिनाभर हिंगासारखी वास मारत होती.

निलेश पहिल्यांदा ट्रॅकवरचा टायर घेऊन आला तेव्हा मी तोंडघशी पडलो. टायरच्या अंगाला बारीक काळ्या गोळ्या चिकटलेल्या. मी त्याला झापलं की बाप्पा, बकऱ्यांच्या कळपातून गाडी काढली, निदान लेंड्या तरी धुऊन आणायच्या. तो गरीब पोट्टा फडकं शोधायला लागला. पंचफुलानं एक गोळी नखानं काढली, चिमटीत दाबली, वास घेतला आणि माझ्या नाकाखाली धरली. रबर. वळणावर गाडी जोरात घेतली की टायर घासून त्याचा चुरा रस्त्यावर पडतो, आणि तापलेला टायर तोच चुरा पुन्हा उचलतो. "बकरी एवढी गरम नाई राहत," ती म्हणाली. त्या दिवसापासून मला ट्रॅकचा टायर वाचायची गोडी लागली.

त्यात चुन्याची युक्ती मात्र आमच्या शेडची. रस्त्यावर चालवताना टायर तळव्यावर उभा राहतो. ट्रॅकवर वळताना तो कलतो, गालावर येतो. किती कलला ते नंतर कसं कळणार? टायरच्या कडेला एक बारीक तिकोन उठवलेला असतो. कंपनीनं तो दुसऱ्या कामाला दिला आहे, झीज मोजायची खूण कुठे आहे ते दाखवायला. आम्ही त्याच्यावरून चुन्याची रेघ ओढायचो. गाडी पळून आली की पाहायचं. तिकोनाच्या टोकापर्यंत चुना पुसला तर बराबर. तिकोनाच्या खालपर्यंत पुसला तर हवा कमी पडली, टायर लोळतो आहे. कडेवरचा चुनाही साबूत राहिला तर हवा जास्त. खडू झटकल्या जातो, रंग निघत नाही. चुना बरा. हे पोट्टे लोक कुठून कुठून काय वाचून येत, पण चुन्यासाठी माझ्यापुढेच हात पसरत.

पण एक गोष्ट काही केल्या सुटेना. सगळ्यांचे डावे टायर खाल्ल्या जायचे, उजवे नव्यासारखे. अलाइनमेंट पाहून पाहून मशीन थकली. शेवटी एका रविवारी आम्ही दोघं फाटकापाशी जाऊन उभे राहिलो आणि पाच मिनिटांत उलगडलं. मारुती मधात, आणि सगळ्या गाड्या देवाला उजव्या हाताला ठेवून फिरत होत्या. प्रदक्षिणा. सारखी उजवीकडे वळणं, सगळा भार डाव्या चाकांवर.

मी म्हटलं, एक रविवार असे फिरा, एक रविवार उलटे फिरा, दोन्हीकडचे टायर सारखे झिजतील. कोणी तयार होईना. इंजिनियर होते, बँकेतले होते, एक शेतकी खात्यातला होता, आणि सगळे म्हणाले की मारुतीला उलटी प्रदक्षिणा? काका, काहीतरीच. एक जण कसाबसा तयार झाला, अर्ध्या चकरीत त्याच्या इंजिनाचा पट्टा तुटला. संपलं. पट्टा आधीच फाटलेला होता हे मी शपथेवर सांगितलं, पण मारुतीपुढे माझं कोण ऐकते.

पंचफुला परत येताना ऑटोत म्हणाली, "ह्या लोकायचा देव चुकला. महादेव बसवाले पायजे होता."

"कावून वं?"

"महादेवाले अर्धी परदक्षिणा राहते ना. पन्हाळीपावतर जाचं, ओलांडाचं नाई, वापस फिराचं. जाताना डावे झिजन, येताना उजवे."

मी आयुष्यभर टायरचं काम केलं, पण टायर वाचवायला देव बदला असा सल्ला आजवर कोणी दिला नव्हता. ती गंमत करत नव्हती. तिनं शेटला निरोपही पाठवला. शेटचं उत्तर आलं की मूर्ती हलवता येत नाही, पण बाईंना प्लॉट पायजे असेल तर देतो.

ह्या प्रदक्षिणेपायी एक अख्खं घर मात्र जाळ्यात सापडलं. चांदूर बाजारचे एक रिटायर गुरुजी मुलाची गाडी घेऊन आले. मुलगा म्हणतो, मित्रांसोबत चिखलदऱ्याला गेलो होतो, म्हणून टायर झिजले. गुरुजींना संशय. त्यांनी टायर माझ्यापुढे असे उभे केले की जसं मी हेडमास्तर आहे. मी म्हटलं घाटात झिजतातच. पंचफुलानं चारही टायरवर हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. मला कळलं की आता हा मुलगा मेला. ती म्हणाली, "गुरुजी, चिखलदऱ्याच्या घाटात वळणं दोन्हीकडे हाय. हे गाडी एकाच बाजूनं घुमली. देवाले गेली असन." गुरुजींना वाटलं, मुलगा गुपचूप देवदर्शन करतो, बरं आहे. पण मास्तर ते मास्तर, पत्ता काढलाच. रविवारी मुलाला रंगेहाथ धरायला काठी घेऊन ले-आउटवर गेले. पुढच्या आठवड्यात गुरुजी पुन्हा दुकानात. ह्या वेळी त्यांची स्वतःची जुनी गाडी. पुढचा डावा टायर कडेनं सोललेला. काही विचारायची सोयच नव्हती. खाली पाहत म्हणाले, "मंदिरात गेलो होतो."

तर अशी ती. आणि ती गेल्यावर निलेशची गाडी शेडमध्येच राहिली.

तो मातीला आला, तेरवीला आला, पण गाडीचं नाव काढलं नाही. पाहुणे गेले. लेक नागपूरला चला म्हणत होती, मी नाही म्हटलं, ती रडून गेली. मंग मी शेड उघडला. समोर ती पांढरी गाडी, आणि डाव्या टायरवर रेघ. मला डोळ्यानं नीट दिसत नव्हती, पण बोट जवळ नेलं तर चुन्याचा कोरडा खरखरीतपणा लागत होता. खाली टिंब. जशी ओढली तशी.

त्या दिवशी निलेशचा फोन आला की काका, सवडीनं गाडी न्यायला येऊ का. मी म्हटलं, थांब, अलाइनमेंटची मशीन आजारी आहे. पुढच्या आठवड्यात म्हटलं, तुझ्या चाकाचा नट धरून बसला, पाना सापडत नाही. मंग म्हटलं, हवामान बराबर नाही. तो बापडा "हाव काका" म्हणून फोन ठेवायचा. घरच्या लग्नाला त्यानं बायको, दोन पोरं आणि आहेराची पेटी एका स्कुटीवर नेली, हे मला नंतर कळलं.

इकडे माझी वेगळीच राखण चाललेली. शेजारच्या बकरीला चुन्याची चव लागली. पहिल्या दिवशी मी वेळेवर पाहिलं म्हणून, नाहीतर जीभ काढूनच उभी होती. मी तिला पाना दाखवायचो, ती मला शिंगं दाखवायची. शेवटी टायरवर वेताचं टोपलं उपडं करून बांधलं. गिऱ्हाईक विचारायचं, काका, टायरला टोपलं? मी सांगायचो, आंबे आढीत घालत नाही का, तसा टायर पिकायला घातला. एका माणसानं खरंच विचारलं की माझाही घालता का.

एका दुपारी निलेश सांगितल्याशिवाय आला. हातात स्टीलचा डबा, त्याच्या आईनं पिठलं-भाकर दिलेली. डबा ठेवला, गाडीभोवती फिरला आणि टोपल्यापाशी थांबला. मी ओरडलो की हात लावू नको. इतक्या जोरानं, की बकरीसुद्धा पळाली. त्यानं टोपलं हळूच उचललं, रेघ पाहिली, आणि पुन्हा तसंच ठेवलं. माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसला. मी डबा उघडून जेवायला लागलो, दुसरं काय करणार.

"काका," तो म्हणाला, "काकूनं मले साक्षीदार केलं होतं."

"हाव."

"पैज लागली, निकाल नाई लागला. उद्या मी वरते गेलो आन काकूनं इचारलं, काय झालं रे त्या रेघेचं? तं मी काय सांगू? टोपल्याखाली हाय म्हणून?"

मी हातातली भाकर डब्यात ठेवली. पाणी पिऊन मी म्हटलं, "पुसल्या जाईन ना रे."

"पुसाले तं वढली होती."

मी डब्याला झाकण लावलं. धंदा माझा आणि गोष्ट हा औषधवाला सांगतो. पण खोटं नव्हतं. रेघ पुसल्या जात नाही तोवर टायर काही सांगत नाही.

रविवारी निघायच्या आधी हवा पाहिली. उभ्या गाडीची हवा उतरते, तेव्हा मी पहिले ठेवली होती तेवढीच पुन्हा भरायची होती. पाइप माझ्या हातात. जराशी जास्त मारली असती तर टायर कडक राहिला असता, रेघ वाचली असती, पैज माझी आणि डोळ्याचीही कटकट नाही. निलेश मुद्दाम दुसरीकडे पाहत होता. मी होती तेवढीच भरली. मेलेल्या बायकोशी बेइमानी करायची तर ती जिवंत असतानाच करायला पायजे होती, मजा तरी आली असती.

ले-आउटवर सगळे जमलेले. गुरुजी हेल्मेट घालून होते, मला पाहून त्यांनी ते काढून काखेत लपवलं. निलेशनं लोणच्याची बरणी झाडाखाली ठेवली आणि मला म्हणाला, काका, बसता का? मी म्हटलं, नाही. पैजेच्या वेळी डावीकडे कोणी बसायचं ठरलं नव्हतं. माझं वजन त्याच टायरवर पडलं असतं आणि निकाल नासला असता. मी मारुतीच्या पायरीवर बसलो.

गाडी सुटली. मला एक पांढरा ठिपका माझ्याभोवती फिरताना दिसत होता, दिव्याभोवती पाखरू फिरते तसा. दिसत नव्हतं पण ऐकू येत होतं. टायर वळणावर किंचाळला तर ठीक असते. हा किंचाळत नव्हता, कण्हत होता. लोळणारा टायर कण्हतो. पहिल्याच चकरीत कानानं मला सांगितलं की तू गेला बाप्पा. पण कान पैजेत नव्हते, म्हणून मी बसून राहिलो. मागे मारुती होता, त्याच्याकडे काही मागितलं नाही. काय मागावं तेच ठरत नव्हतं.

गाडी येऊन थांबली. सगळे गोळा झाले. मी म्हटलं, कोणी काही बोलायचं नाही, मी वाचतो. उकिडवा बसलो, डोळे बारीक केले, मान इकडून तिकडे केली. काळा टायर, त्यावर पांढरं काही आहे का नाही, देव जाणे. सगळं दूधच दूध. गुरुजी मागून खाकरले. मी डोळे मिटले आणि हात लावला.

टायर चांगलाच तापलेला होता. कडेवरून बोट आणलं, कड सोलून निघालेली, जवारीच्या पात्यासारखी. तिनं सांगितली होती तशीच. चुना नाही. खाली आलो. नखाला तिकोन लागला. तिथेही चुना नाही, नुसतं रबर. तिकोनाच्या खाली सरकलो. नाही. आणखी खाली. तेव्हा बोटाला एक खरखरीत दाणा लागला.

टिंब तेवढं राहिलं होतं.

मी म्हटलं की निलेश अलीकडे जाडा झाला आहे, हे धरायला पायजे. कोणी ऐकलं नाही. मी म्हटलं, डांबर तापलेलं होतं. निलेश माझ्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "काका, हारले तुमी."

"हाव," मी म्हटलं. "हारलो."

हरली असती तर ती जन्मभर माझ्या डोळ्यांचं नाव काढणार नव्हती. जिंकली, तरी तिनं तेही पाळलं.

निलेश मला घरी सोडून तीच गाडी घेऊन अकोल्याला गेला. त्या टायरची हवा मी स्वतः वाढवून दिली. टिंब पुसू का म्हणून त्यानं विचारलं, मी म्हटलं, जाईल आपसूक, रस्ता आहे. रात्री मी शेजारणीला सांगून बकरीसाठी डबीतला चुना थोडा भिंतीला लावून ठेवला. आता राखायचं काही नव्हतं, चाटू दे.

सकाळी उठून आंघोळ केली, धुतलेली टोपी घातली आणि दवाखान्यात डोळ्याच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. पुढे सगळे माझ्यासारखेच, एकमेकाला धरून. नंबर लागला. पांढऱ्या कोटातल्या एका पोरीनं मला खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकायला लावला आणि समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर वाचा म्हणाली.

भिंत होती. तक्ता असावा.

मी उठलो, चाचपडत तिथवर गेलो आणि तक्त्यावर तळहात फिरवला. मधला भाग चांगला होता. खालची डावी कड मऊ पडली होती, दोरे निघालेले.

"बाई," मी म्हटलं, "हा डावीकडूनच झिजून राहिला. अलटूनपलटून लावत जा."

ती हसली. म्हणाली, "आबाजी, हातानं नाही वाचायचं. डोळ्यानं वाचायचं."

"डोयानं वाचणारा मीच होतो बाई," मी म्हटलं. "म्हणून तं आलो."

आणि खुर्चीवर येऊन बसलो, आणि तिनं सांगितला तो डोळा झाकला.